"बाही वर कर" म्हणण्याआधी



इथे आपण नेहमी पाठ, स्वाध्याय, निबंध यांवर बोलतो. आजही सुरुवात एका निबंधापासूनच करते, पण विषय वेगळा आहे. मुलं स्वतःच्या शरीराला स्वतःच इजा करून घेतात, त्याबद्दल मला बोलायचं आहे. हा विषय शहरातल्या इंग्रजी शाळांचा आहे, आपल्या झेडपीच्या शाळेत असलं काही नसतं, असं मलाही वाटायचं. तुम्हालाही वाटत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

२०१७ साली मी दौंड तालुक्यातल्या एका शाळेवर होते. नोकरीला चार वर्षं झाली होती, सातवीचा वर्ग होता. तो पावसाळा आठवतोय का? ब्ल्यू व्हेलचा पावसाळा. जुलैच्या शेवटी मुंबईतल्या अंधेरीची बातमी आली. ऑगस्टमध्ये सोलापूरचा एक शाळकरी मुलगा घरातून निघून पुण्याच्या बसमध्ये बसला आणि पोलिसांनी त्याला भिगवणला ताब्यात घेतलं. भिगवण म्हणजे आमच्या शेजारचं गाव. दुसऱ्या दिवशी शाळेत दुसरा विषयच नव्हता. टीव्हीवर सांगत होते की खेळात पन्नास पायऱ्या असतात, मुलांच्या हातावर खुणा दिसतात. केंद्र सरकारनं गुगल, फेसबुक वगैरे कंपन्यांना या खेळाच्या लिंक काढायला सांगितलं. आणि आम्ही शिक्षकांनी काय केलं? परिपाठ झाल्यावर चौथी ते सातवीची मुलं रांगेत उभी केली आणि म्हणालो, "बाह्या वर करा."

नखं तपासतो तसे हात तपासले.

माझ्या वर्गातली एक मुलगी बाही वर करेना. मी जवळ जाऊन स्वतःच तिची बाही वर सरकवली. हातावर खुणा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. सगळ्या रांगेसमोर मी मोठ्यानं विचारलं, "हे काय केलंस? मोबाईलवर गेम खेळतेस का?" ती काहीच बोलली नाही. तिच्या घरात साधा बटणाचा फोन होता, तोही वडिलांकडे असायचा. हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र आम्ही वडिलांना बोलावलं. ते उसाच्या रानातून तसेच आले, चिखलाच्या पायांनी. ऑफिसात सगळ्यांसमोर त्यांनी तिच्या थोबाडीत मारली, आणि आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, "बघा, आता सुधारेल." मी तिथेच उभी होते.

ती नंतरही शाळेत येत राहिली. पण माझ्याशी बोलायची बंद झाली. हिवाळा संपला, मार्चचं ऊन सुरू झालं तरी तिचा स्वेटर निघाला नाही.

आता निबंधाचं सांगते. हात तपासायच्या पंधरा-वीस दिवस आधी मी वर्गाला आत्मवृत्तात्मक निबंध दिला होता, 'मोडक्या छत्रीचे मनोगत'. आपण सगळेच देतो. त्या मुलीच्या छत्रीनं लिहिलं होतं की घरातले सगळे मला घेऊन जायचे, आता काडी मोडली तर कोपऱ्यात उभं केलं आहे, आणि मी भिजले का हे कुणी विचारत नाही. मी तिला दहापैकी सात दिले. 'छत्री' हा शब्द तिनं सगळीकडे 'छञी' असा लिहिला होता, म्हणून लाल पेनानं अकरा गोल केले आणि 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे' असा शेरा मारला. तिची आई जूनमध्येच भांडून, धाकट्या भावाला घेऊन माहेरी गेली होती. स्वयंपाक, धुणं, आजीचं सगळं ही बारा वर्षांची मुलगी करत होती. वर्गातल्या मुलींना हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

पुढे काय झालं माहीत आहे? जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री, आपल्या चंद्रपूरचे हंसराज अहीर यांनी संसदेत उत्तर दिलं की तज्ज्ञांच्या समितीनं तपासलेल्या घटनांपैकी एकाही घटनेत ब्ल्यू व्हेल खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. ही बातमी आतल्या पानावर आली असेल, मी तर ती खूप उशिरा वाचली. म्हणजे आम्ही जो खेळ शोधत होतो तो आमच्या शाळेत नव्हता. ज्या मुलीकडे बघायला हवं होतं ती मात्र समोर उभी होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. अशी खूण दिसल्यावर मोठं माणूस पहिल्या दोन मिनिटांत जे करतं, त्यावर ते मूल पुढे कधी तोंड उघडेल की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं. म्हणून रांगेतली तपासणी बंद करा. कुठल्याही कारणानं नको. नवा खेळ आला, नवी बातमी आली, वरून फोन आला, तरी नको. मार्च २०२५ मध्ये गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत चाळीसेक मुलांच्या हातापायांवर अशाच खुणा सापडल्या. मुलामुलांत लागलेल्या पैजेतून ते घडलं, असं पुढे आलं. लगेच आपल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरू लागला, 'सर्वांनी आपापल्या वर्गातील मुलांचे हात तपासावेत.' आठ वर्षांनी आपण पुन्हा तिथेच.

तपासणीनं काय होतं? मूल लपवायला शिकतं. जिथे बाही पोचते तिथे खुणा जातात. बाकीच्या मुलांना कळतं की असंही काही करतात. पैजेतून किंवा बघून-बघून हे पसरतं, विशेषतः दहा ते चौदा या वयात. म्हणून त्याची वर्गात जाहीर चर्चा, परिपाठात भाषण, 'असे करू नका' असा फलक, यातलं काहीच करू नये. मी अमरेलीचा उल्लेख इथे तुमच्यासाठी केला आहे, वर्गात वाचून दाखवण्यासाठी नाही.

मग मुलं हे करतात तरी का? मी डीएड झालेली साधी प्राथमिक शिक्षिका आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण त्या वर्षानंतर जे वाचलं आणि जाणकारांकडून जे ऐकलं, त्यातून एवढं कळलं की बहुतेक मुलं मरायला म्हणून हे करत नाहीत. आत काहीतरी इतकं दाटून येतं की सोसवत नाही आणि सांगायला शब्द नसतात. राग असतो, पण तो बापावर काढता येत नाही. कधी आपलीच चीड येते. कधी काही म्हणजे काहीच जाणवत नाही, सगळं बधिर होतं. त्या क्षणापुरतं सुटल्यासारखं वाटतं, पण ते टिकत नाही. मागोमाग लाज येते, आणि लाजेतून पुन्हा तीच घुसमट. हे बहुधा बारा ते चौदाच्या आसपास सुरू होतं, म्हणजे आपल्या सहावी-सातवी-आठवीत. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला तेव्हा किशोरवयीन मुलांपैकी साधारण १७ टक्क्यांनी कधी ना कधी असं केल्याचं दिसलं. तीसच्या वर्गाला हा आकडा तसाच्या तसा लावू नका. पण 'आमच्याकडे नाही' हे म्हणणंही सोडून द्या.

"लक्ष वेधून घ्यायला करतात हो, नाटकं असतात." हे वाक्य मी स्टाफरूममध्ये किती वेळा ऐकलं असेल! लक्ष वेधून घ्यायचं असेल तर मूल मार्चमध्ये स्वेटर कशाला घालेल? आणि समजा, घ्यायचंच असेल लक्ष, तर द्या की. तहान लागलेल्या मुलाला आपण 'पाण्यासाठी नाटकं करतो' म्हणतो का?

दुसरं म्हणजे, हे मुलींचंच असतं असं समजू नका. मुलगे भिंतीवर मूठ आपटतात, आणि आपण त्याला 'तापट आहे, बापावर गेलाय' म्हणून सोडून देतो.

असाच एक मुलगा मला शिरूर तालुक्यात बदलून आल्यावर भेटला. वडील रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. घर भाड्याच्या खोलीत. मूळ गाव मराठवाड्यात, चुलते-आजोबा सगळे तिकडेच. आमच्या भागात अशी कितीतरी घरं आहेत. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यातल्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडा, निम्मी आडनावं बाहेरची दिसतील. दौंडकडे कुरकुंभला तेच. शिवाय तिकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कोयत्यावरची मुलं येतात आणि हंगाम संपला की जातात. मूल गप्प झालं तर ते पहिल्यांदा लक्षात येणारं माणूस घरात नसतं. आजी नसते, काकू नसते. आई-बाप थकून झोपलेले असतात. मग लक्षात कुणी ठेवायचं? राहतो आपण.

या मुलाच्या बोटांची पेरं सुजलेली असायची. मी मारामारी समजले. तीनदा समज दिली. चौथ्या वेळी मात्र जिभेवर आलेलं गिळलं आणि मधल्या सुट्टीत त्याला म्हटलं, "वह्या घेऊन ये रे माझ्याबरोबर." ऑफिसात नाही, व्हरांड्याच्या कडेला, जिथे सगळे दिसतात पण ऐकू जात नाही तिथे बसलो. मी म्हटलं, "तुझा हात दुखत असेल. आधी पाणी लावू." प्रथमोपचाराची पेटी काढली. हात पुसता पुसता म्हटलं, "हे कसं झालं ते आत्ताच सांगायला पाहिजे असं नाही. मी रागावणार नाही. पण मला काळजी वाटते म्हणून विचारते, तूच केलंस का हे?"

तो म्हणाला, "हो."

त्यानंतर मी जे केलं ते सगळ्यात अवघड होतं. मी गप्प बसले. आपल्या व्यवसायात गप्प बसायची सवय नाही. प्रश्न विचारला की पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर आपण दुसऱ्याला उठवतो. मी मनात शंभर मोजले असतील. मग तो बोलला. नवोदयची परीक्षा त्यानं पाचवीत दिली होती, नंबर लागला नव्हता. नवोदय विद्यालय आमच्याच तालुक्यात, पिंपळे जगतापला. जागा ८० आणि बसणारी पोरं जिल्हाभरातली. चाळीतल्या एका मुलाचा नंबर लागला. तेव्हापासून वडील रोज जेवताना त्या मुलाचं नाव काढायचे. दोन वर्षं रोज. वडील वाईट नाहीत हो. त्यांना वाटायचं, टोचून बोललं की पोरगं जिद्दीला पेटेल.

"असं का केलंस?" हा प्रश्न मी विचारला नाही. 'का' हा शब्द मुलाच्या कानाला दरडावणीसारखाच लागतो. त्याऐवजी "तेव्हा काय वाटत होतं?" असं विचारून बघा. "असं पुन्हा करणार नाही अशी शपथ घे" हेही टाळा. मूल घेतं शपथ, आपल्याला बरं वाटावं म्हणून. मग पुन्हा झालं की ते आपल्यापासूनच लपवतं, कारण शपथ मोडली. वही-कागदावर लिहून घेणं तर नकोच नको. "तुझ्या आईबापाचा तरी विचार कर" हेसुद्धा नको, त्या मुलाच्या डोक्यावर आधीच पुरेसं ओझं असतं.

आणि एक प्रश्न असा आहे की तो विचारायचाच, जीभ अडखळली तरी. "तुला कधी जगूच नये असं वाटतं का?" मला भीती वाटायची की आपण विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. तसं होत नाही, हे आता पक्कं माहीत आहे. उलट कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. स्वतःला इजा करणं आणि जीव द्यावासा वाटणं एक नाही. पण जी मुलं इजा करून घेतात त्यांना पुढे दुसरा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून गृहीत धरून चालत नाही. उत्तर 'हो' आलं, किंवा नुसती मान खाली गेली, तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, घरीही एकटं पाठवायचं नाही. पालकांना बोलवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर थेट ११२ किंवा १०८. माझ्या विद्यार्थ्यानं "नाही मॅडम, तसं नाही, फक्त डोकं फुटेल असं वाटतं," असं सांगितलं.

मुलं हमखास म्हणतात, "कुणाला सांगू नका ना." इथे खोटं वचन देऊ नका. मी म्हटलं, "सगळ्यांना सांगणार नाही. वर्गात, स्टाफरूममध्ये चर्चा होणार नाही. पण तुला मदत मिळावी म्हणून एक-दोघांना सांगावं लागेल. कुणाला आणि कसं, ते आपण दोघं ठरवू." मुख्याध्यापकांना सांगितलं. वडिलांना सांगायला तो तयार नव्हता, मग आधी आईला बोलावलं.

पालकांना बोलावण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपली गाडी तिथेच घसरते. 'तुमच्या मुलाने काय केलंय या बघायला' असा निरोप गेला की बाप काठी मनात घेऊनच निघतो. मी फोनवर म्हटलं, "तक्रार काही नाही. मुलाच्या तब्येतीचं बोलायचंय." वडील रातपाळी करून झोप न घेता आले. त्यांना आधी चहा दिला. पहिलं वाक्य होतं, "तुमचा मुलगा चांगला आहे, त्याला त्रास होतोय, आणि मारून तो कमी होणार नाही." ते बराच वेळ हातातल्या कपाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, आमच्यात कुणी वेडं नाही." मी म्हटलं, "वेडाचा प्रश्नच नाही. पाय मुरगळला तर हाडाच्या डॉक्टरला दाखवतो ना, तसं."

काही घरं देवऋषीकडे जातात, बाहेरची बाधा म्हणतात. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. दृष्ट काढायची तर काढा म्हणावं, पण दवाखाना चुकवू नका. मात्र कुणी भूत उतरवण्याच्या नावाखाली पोराला मारहाण करत असेल, चटके देत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगा.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगायलाच हवी, ती म्हणजे घरातली औषधाच्या गोळ्यांची पाकिटं आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा. आपल्याकडे फवारणीचं औषध पडवीत, पोत्याखाली, कधी माळ्यावर असतं. वाईट क्षण येतो आणि जातो. तो जाईपर्यंत हाताशी काही नसणं, एवढ्यानंही जीव वाचतात. हे फक्त अशा मुलांच्याच घरी नाही, सगळ्याच घरी हवं.

पण घरातच कुणी त्रास देत असेल तर? तिथे आधी पालकांना बोलावणं म्हणजे मुलाला त्याच हातात देणं. मुलीच्या किंवा मुलाच्या बोलण्यात लैंगिक त्रासाचा जरासा जरी सूर आला, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. गावात बोभाटा होईल, शाळेचं नाव जाईल, ही कारणं तिथे चालत नाहीत. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे. शाळेत सखी सावित्री समिती आहे, ती २०२२ च्या शासन निर्णयानं स्थापन झाली. तुमच्या शाळेत ती फक्त फलकावर असेल तर निदान फलकावरची नावं कोणाची आहेत ते एकदा बघून या.

पोलिसांचं नाव निघालं म्हणून सांगते. "डॉक्टरकडे नेलं तर केस होईल" ही भीती आपल्याकडे खोल बसली आहे, आणि त्यापायी जखमाही घरातच दडवतात. जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा करणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलं नाही. त्याआधीच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सांगितलं होतं की असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं धरून चालायचं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम. आपण ज्याबद्दल बोलतोय ते तर बहुतेक वेळा तेही नसतं. तेव्हा दवाखान्यात बिनधास्त न्या. जखम असेल तर ती आधी साफ करा, गरज असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि मग मनाचं.

आमच्याकडे सोय काय आहे? शिरूरला ग्रामीण रुग्णालय, दौंडला उपजिल्हा रुग्णालय. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं. तिथे समुपदेशक कधी बसतात ते आधी फोन करून विचारा, नाहीतर हेलपाटा होतो आणि एकदा हेलपाटा झाला की पालक दुसऱ्यांदा येत नाहीत. शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकातल्या डॉक्टरांनाही बाजूला घेऊन सांगता येतं. त्यापुढे पुणं, म्हणजे ससूनचा मानसोपचार विभाग किंवा येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. शिरूरहून साठ-सत्तर किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडते. 'येरवडा' म्हटलं की लोक दचकतात, म्हणून मी आधी ससून सांगते. आणि हातातल्या फोनवर टेलिमानस, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. त्या मुलाच्या वडिलांनी पहिला फोन स्वतःसाठी केला, हे त्यांनीच नंतर मला सांगितलं. शिक्षकांनीही करावा. मी केला आहे. असं काही ऐकून घरी गेल्यावर आपल्याला जेवण जात नाही, आणि त्याबद्दल कुणाशी बोलायचं हे कोणत्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत.

तो मुलगा बरा झाला का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते. वडिलांनी जेवताना शेजारच्या मुलाचं नाव घेणं बंद केलं. समुपदेशकांकडे चार वेळा गेला. दिवाळीनंतर एकदा पुन्हा हात सुजलेला दिसला. माझ्या पोटात खड्डा पडला, वाटलं सगळं वाया गेलं. पण यावेळी तो स्वतः आला आणि म्हणाला, "मॅडम, काल झालं." पूर्वी हे वाक्य आलं नसतं. आता तो हायस्कूलला आहे. कधी एसटी स्टँडवर दिसला तर लांबून हात वर करतो. मी त्या हाताकडे बघत नाही, तोंडाकडे बघते. म्हणजे तसा प्रयत्न करते.

आता आपल्या मराठीच्या तासाबद्दल. हे टाळायचं असेल तर त्याची सुरुवात समुपदेशकाच्या खोलीत होत नाही, आपल्याच तासाला होते, असं माझं मत आहे. आपल्या मुलांना मनातलं सांगायला शब्द किती येतात? 'राग आला', 'वाईट वाटलं', 'टेन्शन आलं'. संपलं. आणि मराठीत किती शब्द आहेत! खट्टू होणं, हिरमुसणं, गलबलणं, ओशाळणं, घुसमट, कोंडमारा, चिडचिड, धास्ती, हुरहुर, तगमग. मी शब्दसंपत्तीच्या तासाला हे फळ्यावर लिहिते आणि विचारते, आज सकाळपासून यातलं काय काय झालं? सुरुवातीला हसतात. महिन्याभरात मुलं एकमेकांना 'तू आज खट्टू आहेस का' असं विचारायला लागतात. हा काही औषधोपचार नाही. पण 'तगमग होतेय' असं म्हणता येणाऱ्या मुलाला ती शरीरावरच दाखवावी लागेल असं नाही.

निबंधही तसाच. आत्मवृत्त हा प्रकार मुलांसाठी आडोसा असतो, छत्रीच्या, पुस्तकाच्या, झाडाच्या आडून ती स्वतःचं बोलतात. सगळीच नाही, काही जण गाईडातलं उतरवतात. म्हणून मी आता वह्या दोनदा वाचते, एकदा लाल पेन बाजूला ठेवून. खटकलं तर वहीत काही लिहीत नाही, कारण वही घरी जाते. नंतर एकटं गाठून म्हणते, "तुझी छत्री फार आवडली. तिच्याबद्दल अजून सांग ना." बहुतेक वेळा "काही नाही मॅडम, असंच लिहिलं" हे उत्तर येतं, आणि ते खरंच असतं. चालतं.

शिक्षा हाही याच विषयाचा भाग आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं आहे. मारणं बरंचसं थांबलं. दुसऱ्याचं काय? 'ढ', 'दगड', 'तुझ्यापेक्षा तुझी बहीण बरी होती.' मीही बोलले आहे असं. जी मुलं आधीच स्वतःचा दुस्वास करत असतात, त्यांच्या हातात आपण फक्त नवीन कारण देतो.

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा याचं प्रशिक्षण द्यावं. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत पट चाळीस-पन्नास, शिक्षक दोन. समुपदेशक येणार नाही हे मला माहीत आहे. पण बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घेणं म्हणजे काय? ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशकाचं नाव, नंबर आणि वार मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली असणं. एवढं या आठवड्यात होऊ शकतं, त्याला निधी लागत नाही.

प्रशिक्षणाचं मात्र आपल्या हातात नाही. मी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत या विषयाला अर्धा तास मागितला आहे. रुग्णालयातल्या समुपदेशक मॅडम यायला तयार आहेत, फक्त येण्या-जाण्याची सोय आपण करायची. केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, विषय चांगला आहे, पण आधी शिष्यवृत्तीची परीक्षा होऊ द्या. मी म्हटलं, साहेब, मुलांना त्रास होतो तो परीक्षेच्या आधीच. त्यांनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं आहे. पुढची परिषद आमच्याच शाळेत आहे, तेव्हा परत विचारणार आहे. तुमच्या केंद्रात असं सत्र झालं असेल तर कोणी घेतलं आणि कसं घेतलं, मला जरूर कळवा.